मास्तरांच्या डेलियातला खड्डा

लहानपणी ढेकूळशास्त्री माती खायचे. लहान मुलं खातातच, पण हे महाशय चवीने खायचे; घरच्या अंगणातली चालायची नाही, शेजारची लागायची. त्यांची आई तोंडात बोट घालून ती बाहेर काढायची आणि या कार्ट्याचं पुढे काय होणार म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची. व्हायचं ते झालं. कार्टं मोठं झालं, रसायनशास्त्र शिकलं आणि महापालिकेत माती तपासायच्या नोकरीला लागलं. आईला हायसं वाटलं, कारण आता निदान तो ती खात तरी नव्हता.

ढेकूळशास्त्री हे नाव त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलं, तेही लग्न ठरलं त्याच दिवशी. ते इतकं चपखल बसलं की बायकोच्या माहेरून ते कार्यालयात गेलं, कार्यालयातून समोरच्या चहाच्या दुकानात आणि तिथून गावभर. त्यांना राग यायचा का? यायचा की. पण त्यांचा राग म्हणजे असा की समोरच्याला वाटायचं, यांना बहुतेक शिंक येतेय.

शहराची तब्येत त्या काळात अगदीच तोळामासा होती. एके काळी तिथे इतके कारखाने होते की भोंगा झाला की तो कुणाचा यावर पैजा लागायच्या. मग एकेक भोंगा गप्प झाला. मालक दुसरीकडे गेले, कामगार मिळेल तिकडे गेले आणि मागे राहिल्या फुटक्या काचांच्या शेड, गंजलेली फाटकं आणि फाटकाबाहेर अजूनही सवयीने बसणारे म्हातारे. महापालिकेला वाटे, या पडून राहिलेल्या जागांवर मंडई उभारावी, घरं बांधावीत, चार हातांना काम द्यावं. पण कारखाना बंद पडला तरी त्याने वर्षानुवर्षं जमिनीला पाजलेलं जमिनीच्या पोटात तसंच असतं. तिथे वस्ती करण्याआधी कुणीतरी जाऊन बघायला हवं की नाही? तो कुणीतरी म्हणजे आपले ढेकूळशास्त्री. हाताने फिरवायचं लांब गिरमीट जमिनीत घालायचं, खालची माती वर काढायची, काचेच्या बरणीत भरायची, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत पाठवायची आणि मग लिहून द्यायचं की इथे माणसांनी राहावं की राहू नये. काम साधं, पण त्यांच्या सहीशिवाय शहरात एक वीट हलत नसे.

घरी मात्र हा माणूस म्हणजे एक प्रकरण होतं. बूट जिन्यातच निघायचे आणि झाकणाच्या खोक्यात जायचे. गाजरं तीनदा धुतली जायची, आणि बायकोने धुतलेली असली तर चारदा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की यजमान शोधत यायचे आणि हे गॅलरीत कुंडीत बोट खुपसून, ते नाकाशी नेऊन, मान हलवत उभे असायचे. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा मातीच्या बरण्यांचा. बायकोने पहिल्या वर्षी भांडण केलं, दुसऱ्या वर्षी रडून पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी वरच्या कप्प्यांवर समाधान मानलं.

त्या खालच्या कप्प्यानेच त्यांचा घात केला. त्यांचे साडू, म्हणजे थोरल्या मेहुणीचे यजमान, एकदा मुक्कामाला आले होते. सकाळी लवकर उठले, कुणाला कशाला उठवा म्हणून स्वतःच दूध तापवलं आणि फ्रिजमधल्या बरणीतून दोन चमचे कॉफी घातली. ती कॉफी बंद पडलेल्या बॅटरीच्या कारखान्यातली होती. ढवळून ढवळून विरघळेना, तेव्हा त्यांनी बरणी फिरवून चिठ्ठी वाचली आणि जी बोंब मारली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली. खरं तर एक थेंब त्यांच्या ओठाला लागला नव्हता. पण सासुरवाडीत ही गोष्ट दरवर्षी सांगितली जायची आणि दरवर्षी थोडी वाढायची. आता ती अर्धा कप प्यायल्यापर्यंत आली होती, आणि अजून दोन-तीन वर्षांत साडूभाऊ तिच्यात मरणार हे नक्की होतं.

साडूभाऊ ठेकेदार होते. भिंती बांधायच्या, गटारं खणायची, मोठ्याने हसायचं आणि सासुरवाडीला कधी रिकाम्या हाताने जायचं नाही. सासऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव. सासरे शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी उतरवली नव्हती. घराच्या दिवाणखान्यात हातांची, मखमली उशीची एकच खुर्ची होती. ती साडूभाऊंची. ढेकूळशास्त्र्यांना मिळायचं ते एका पायाने आखूड असलेलं स्टूल, ज्यावर बसून पोट आवळून तोल सांभाळावा लागे. साडूभाऊंना मास्तर पोटच्या मुलासारखं ‘अरे, तू’ म्हणायचे. यांना ‘तुम्ही’, आणि तेही परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या बापाला म्हणावं तसं.

आणि चहा. पंधरा वर्षं त्या घरात ढेकूळशास्त्र्यांना चहा बिनसाखरेचा मिळत होता. साडूभाऊंच्या कपात दोन चमचे, मास्तरांच्या कपात दीड, यांच्या कपात ठणठणाट. साखरेचा डबा हाताच्या अंतरावर असायचा. यांना गोड चहा जीव की प्राण. पण विचारणार कोण? सासूबाई पडद्याआडून कप पुढे करायच्या, मास्तर रोखून बघायचे, आणि हे तो कडू घोट प्राक्तन समजून गिळायचे. आपल्याला या घरात साखरेइतकीही किंमत नाही, हे त्यांनी मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं.

तर अशा या माणसाकडे मुलाम्याच्या कारखान्याचं काम आलं. नळांना आणि चमच्यांना चकाकी चढवणारा हा कारखाना बारा-तेरा वर्षं बंद होता. तिथे मंडई, छोट्या उद्योगांसाठी गाळे आणि कोपऱ्यात मुलांसाठी वाळूचं मैदान करायचं ठरत होतं. कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं की शहराला आनंदाची बातमी मिळून फार दिवस झालेत, तेव्हा जरा बघा. खोटं लिहा असं त्या म्हणाल्या नाहीत, कधी म्हणायच्याही नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून ढेकूळशास्त्र्यांना वाटलं, माती चांगली निघाली तर बरं होईल बुवा.

आता यात एक बारीकशी मेख असते. निकेल, क्रोमियम असले धातू थोडेफार कुठल्याही जमिनीत मुळातच असतात. मग त्यातलं कारखान्याचं पाप किती आणि जमिनीचं स्वतःचं किती, हे कसं कळणार? त्यासाठी जवळचीच, पण कारखान्याचा कधी वारा न लागलेली माती घ्यायची. तिला म्हणतात तुलनेचा नमुना. त्याच्या शेजारी कारखान्याची माती ठेवायची. जो फरक दिसेल तो कारखान्याचा. ढेकूळशास्त्र्यांना ही पद्धत फार जवळची वाटायची, कारण सासुरवाडीत त्यांचंही असंच चालायचं. साडूभाऊ म्हणजे तुलनेचा नमुना, आणि फरक दिसेल तो सगळा यांच्यातला दोष.

कारखान्याच्या आसपास मोकळी माती होती कुठे? जिकडे तिकडे काँक्रीट, राडारोडा, नाहीतर डांबर. शोधून शोधून एकच जागा निघाली आणि ती नकाशावर बघताच त्यांनी नकाशा मिटून ठेवला. कारखान्याच्या मागच्या गल्लीत, मास्तरांचं अंगण.

मास्तरांच्या अंगणात फक्त डेलिया होते. एकाच उंचीचे, एकेका काठीला बांधलेले, हात पसरून अंतर घेतल्यासारखे रांगेत उभे. सासूबाईंना टोमॅटो लावायचे होते, दुधी लावायचा होता. पण मास्तरांचं म्हणणं असं की वेलीला शिस्त नसते आणि टोमॅटो वाकतो. शहराच्या फुलांच्या प्रदर्शनात या डेलियांना दोनदा चषक मिळाला होता. वाफ्यात कुणाचं पाऊल पडलं की घरातून शिट्टी वाजायची, आणि माणूस असो की मांजर, जागच्या जागी थिजायचं.

त्या वाफ्यात खड्डा खणायची परवानगी मागताना ढेकूळशास्त्री स्टुलावरून दोनदा घसरले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन रांगांमधली एक जागा बोटाने दाखवली आणि स्वतः शिट्टी तोंडात धरून शेजारी उभे राहिले. आता नियम असा की गिरमीट लावायच्या आधी जागेच्या मालकाला एक प्रश्न विचारायचा: ही माती इथलीच आहे, की बाहेरून आणून टाकलेली? या धंद्यातलं शेंबडं पोरही हे विचारल्याशिवाय खणत नाही. तो प्रश्न ढेकूळशास्त्र्यांच्या ओठांवर आला होता. त्यांनी वर पाहिलं. वर शिट्टी होती, शिट्टीच्या वर मिशा होत्या आणि मिशांच्या वर डोळे होते. त्यांनी प्रश्न गिळला आणि गिरमीट फिरवायला घेतलं.

निकाल आला तेव्हा सगळेच चकित झाले. कारखान्याच्या मातीत निकेल होतं, क्रोमियम होतं, पण मास्तरांच्या अंगणातही जवळपास तेवढंच होतं. म्हणजे कारखाना निर्दोष, इथली जमीनच मुळात जरा धातूच्या वळणाची. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तर फोन करून चेष्टेने विचारलंही, दोन्ही बरण्या एकाच खड्ड्यातून भरल्यात की काय. ढेकूळशास्त्री हसले. पुढे कित्येक दिवस ते हसणं आठवून त्यांना घाम फुटत असे.

त्यांनी अहवाल दिला आणि शहरात आनंदीआनंद झाला. प्रमुख बाईंनी सगळ्या कार्यालयाला पेढे वाटले आणि फीत कापायची तारीख सहा जणांना सांगून टाकली. पण खरा चमत्कार सासुरवाडीत घडला. आपल्या अंगणातली माती हे साऱ्या शहराचं माप ठरलं, हे कळल्यावर मास्तरांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी तो खड्डा बुजवू दिला नाही. भोवती विटांचं गोल कडं बांधलं, वर पावसासाठी पत्र्याचं छप्पर केलं आणि सुबक अक्षरांत पाटी लावली: ‘शहराची प्रमाण माती. हात लावू नये.’ संध्याकाळी फिरायला निघालेल्या लोकांना ते हाताला धरून आत आणायचे आणि खड्डा दाखवायचे. लोकही वाकून बघायचे आणि खड्ड्यात खड्डाच आहे अशी खात्री करून घेऊन परत जायचे.

पुढच्या भेटीला ढेकूळशास्त्री सवयीप्रमाणे स्टुलाकडे वळले, तर मास्तर म्हणाले, “जावईबापू, तिकडे नाही. इकडे.” आणि त्यांनी मखमली उशीवर थाप मारली.

ढेकूळशास्त्री खुर्चीत बसले. पाठ टेकली, हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, आणि त्यांना खरोखरच गहिवरून आलं. पंधरा वर्षांनी त्या घरात त्यांचं पोट सैल सुटलं होतं. समोर स्टुलावर साडूभाऊ पोट आवळून डुलत होते, आणि त्यांच्याकडे तर आवळायला पोटही भरपूर होतं. चहा तेवढा अजून बिनसाखरेचाच आला, पण त्या दिवशी तोही गोड लागला.

मग आला मास्तरांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सगळे जमले, जेवणं सुरू झाली. मास्तरांनी तिसऱ्यांदा खड्ड्याचा विषय काढला आणि धाकट्या जावयाने घराण्याचं नाव कसं काढलं ते सांगायला घेतलं. साडूभाऊंना ते ऐकवेना. बराच वेळ स्टुलाशी आणि स्वतःशी झगडून शेवटी ते म्हणाले, “बाबा, एवढं त्यांचं कौतुक करताय, पण ती माती कुणाची? मीच आणून दिली ना?”

मास्तर म्हणाले, हो, हे मात्र खरं. आणि मग साडूभाऊ रंगात येऊन सांगू लागले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी दोन ट्रक माती या अंगणात टाकली होती, सासऱ्यांना भेट म्हणून. काय ती माती! काळीभोर, ओलसर, उन्हात धरली की हिरवट चमकायची. मुलाम्याच्या कारखान्याची मागची भिंत आणि गटार त्यांनीच बांधलं होतं; पाया खणताना निघालेला एवढा ऐवज फेकून कसा द्यायचा, म्हणून इथे आणून टाकला.

ढेकूळशास्त्र्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणजे कारखान्याची तुलना त्यांनी कारखान्याशीच केली होती. चोर चोर मावसभाऊ, आणि या दोघांना एकमेकांच्या चांगुलपणाचे दाखले देऊ करणारे पंच म्हणजे खुद्द ढेकूळशास्त्री. निर्दोष वगैरे काही नव्हतं. ती सगळी जागा नासलेली होती, आणि हे त्या पंगतीत फक्त एका माणसाला कळलं होतं. साडूभाऊ तर अजून हिरव्या चमकीचं वर्णन करत होते.

ते गप्प बसले असते तर? कुणालाही कळलं नसतं. अहवाल मंजूर झाला होता, बाई खूश होत्या, मास्तर खूश होते, खुर्ची मऊ होती. ढेकूळशास्त्री त्या खुर्चीत आणखी थोडा वेळ बसून राहिले, कारण एकदा उठलं की पुन्हा तिच्यात बसायला मिळणार नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी उशी जराशी चाचपली. मग त्यांना ते वाळूचं मैदान आठवलं. प्रत्येक गावात एक तरी पोर असतं, जे घरची माती सोडून नेमकी दुसरीकडची चवीने खातं. ते पोर त्यांना चांगलंच माहीत होतं.

ते उठले. “बाबा,” ते म्हणाले, “मी माती खाल्ली.”

सासूबाई पाणी आणायला धावल्या, कारण या जावयाच्या बाबतीत ते शब्दशः खरं असण्याचा संभव होताच. मग ढेकूळशास्त्र्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. अहवाल चुकला, तो उद्या मागे घ्यावा लागेल. आणि अंगणातली माती चांगली नाही, ती काढावी लागेल, डेलियांसकट. साडूभाऊंचं चावणं थांबलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि कुणाला न सांगता ते हात धुवायला गेले.

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, “माती कुठली, हे खणायच्या आधी विचारायचं असतं ना?”

“असतं.”

“मग का नाही विचारलंत?”

“घाबरलो.”

“कुणाला?”

ढेकूळशास्त्र्यांनी शिट्टीकडे पाहिलं. मास्तरांनीही मान खाली घालून गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं, जणू ती तिथे कुणी अडकवली हे त्यांना आठवत नव्हतं. ते पंगतीतून उठून अंगणात गेले. खिडकीतून सगळ्यांना दिसलं, की त्यांनी खड्ड्यावरची पाटी उपटली, बखोटीला मारली आणि ते डेलियांच्या पहिल्या रांगेसमोर नुसते उभे राहिले. ढेकूळशास्त्र्यांना फार वाईट वाटलं. इतकं, की त्यापेक्षा शिट्टी वाजली असती तर बरं झालं असतं.

घरी परतताना बायको म्हणाली, “अहो, बाबांसमोर आज पहिल्यांदा तुम्ही वाक्य पूर्ण केलंत.” ती हसत होती की रडत होती हे त्यांना नीट कळलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल मागे घेतला. बाईंनी डोकं धरलं, पेढ्यांचा हिशेब मनातल्या मनात केला, सहा जणांना फोन करायचे म्हणून एक मोठा सुस्कारा टाकला आणि मग विचारलं की ठीक आहे, आता नवा नमुना कुठून आणणार? इथेच तर घोडं पेंड खात होतं. गावात मोकळी माती फार थोडी, आणि जी होती तिच्याबद्दल छातीठोक सांगेल असा माणूस मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, आमच्या आधीपासून आहे बाबा. आता एकदा तोंड पोळल्यावर ढेकूळशास्त्री ताकही फुंकून पीत होते.

ते असे नकाशावर डोकं टेकून बसले असताना कार्यालयाच्या व्हरांड्यात शिट्टी वाजली. शिपाई थिजला, बाई थिजल्या, झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभा असलेला कारकून सावधान स्थितीत आला. तो मास्तरांचा विद्यार्थी होता. मास्तर दारात उभे होते, पायात कवायतीचे पांढरे बूट घालून.

“गिरमीट घ्या,” ते म्हणाले आणि वळून चालू लागले.

ते थेट शाळेच्या मैदानावर गेले. ढेकूळशास्त्री खांद्यावर गिरमीट घेऊन मागून पावलं टाकत होते, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण डावा-उजवा करत चालतोय. मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात मास्तर थांबले, बुटाच्या टाचेने जमिनीवर खूण केली आणि इथे खणा म्हणाले. ढेकूळशास्त्री वाकले, गिरमिटाचं टोक टेकवलं, आणि इतक्यात कानाशी शिट्टी वाजली.

“आधी विचार.”

ढेकूळशास्त्र्यांना आधी तो एकेरी शब्द ऐकू आला आणि मग त्याचा अर्थ. “काय विचारू?”

“माझ्या अंगणात जे राहिलं ते. मोठ्याने विचार. मी खात नाही माणसांना.”

ढेकूळशास्त्री सरळ उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, “बाबा, ही माती इथलीच आहे, की बाहेरून आणलेली?”

“इथलीच. मी या शाळेत शिकलो, इथेच शिकवलं. एक घमेलं बाहेरून आलेलं नाही, नाहीतर माझ्या पोरांच्या पायांना कळलं असतं. घे लिहून.” मग मिशांवरून हात फिरवत मास्तर जरा नरमाईने म्हणाले, “अजून काही विचारायचं राहिलंय का? एकदाच विचारून टाक.”

राहिलं होतं. पंधरा वर्षांपासून राहिलं होतं. ढेकूळशास्त्र्यांनी गिरमीट घट्ट धरलं आणि डोळे मिटून विचारलं, “माझ्या चहात साखर का नसते?”

मास्तर चक्रावले. “म्हणजे? तू घेत नाहीस ना?”

“असं कोण म्हणालं?”

“तूच म्हणालास. लग्न ठरलं त्या दिवशी मी स्वतः डबा पुढे केला, तू नको म्हणालास. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नको म्हणालास. तेव्हापासून तुझी सासू तुझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवते. निळ्या काठाचं. आमच्या चहाचा चमचासुद्धा त्यात जाऊ देत नाही, साखर लागेल म्हणून. तू येणार म्हटलं की आधी ते घासून ठेवते.”

ढेकूळशास्त्र्यांना तो दिवस आठवला. घाबरगुंडी उडालेली, समोर मिशा, डब्याचं झाकण उघडं, आणि तोंडातून निघालेला तो एकच शब्द, नको. दोन चमचे साखर भीतीपोटी नाकारली आणि पंधरा वर्षं त्या माउलीला मनातून कंजूष ठरवलं. मैदानाच्या त्या कोपऱ्यात त्यांचे डोळे भरून आले, आणि मास्तरांनी तोंड फिरवून दूरच्या भिंतीवर काही आहे का ते बघायला घेतलं. मग दोघांनी मिळून गिरमीट फिरवलं.

निकाल यायचा तोच आला. मैदानाच्या मातीशेजारी कारखान्याची माती ठेवल्यावर सगळं उघडं पडलं. मागची बाजू खोलवर खणून काढायला हवी होती, वाळूचं मैदान तिथे होणार नव्हतं. पुढच्या भागात मात्र गाळ्यांचं काम लगेच सुरू करता येणार होतं. बाईंनी नव्या तारखेला, निम्म्या लांबीची फीत कापली. पेढे दुसऱ्यांदा वाटले नाहीत.

मास्तरांचं अंगण उपसायचा दिवस ठरला. साडूभाऊ स्वतः माणसं आणि झाकणाची पिंपं घेऊन आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. हातमोज्यांवर हातमोजे घालून ते प्रत्येक फावड्यागणिक ढेकूळशास्त्र्यांना विचारत होते की हुंगलं तर काही होतं का. मास्तरांनी डेलियांच्या काठ्या एकेक करून सोडल्या, त्यांची मोळी बांधली आणि नव्या मातीसाठी ठेवून दिली. ती नवी माती मिळणं पुढे कठीणच गेलं, कारण माती द्यायला आलेल्या प्रत्येकाची मास्तर अशी उलटतपासणी घेत की निम्मे लोक घमेलं तिथेच टाकून पळत.

दुपारी काम थांबलं. चिखलाचे पाय घरात नकोत म्हणून सासूबाईंनी खुर्ची आणि स्टूल बाहेर व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. साडूभाऊ सवयीने खुर्चीकडे वळले. शिट्टी वाजली. मास्तरांनी मानेनेच धाकट्या जावयाला खुर्ची दाखवली, पण ढेकूळशास्त्री आपल्या चिखलाने भरलेल्या विजारीकडे बघून म्हणाले की उशी खराब होईल, आणि स्टुलावर जाऊन बसले. खुर्चीत शेवटी सासूबाईच बसल्या. त्या घरात त्यांना त्या खुर्चीत कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

चहा आधीच तयार होता. मास्तरांनी घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण सासूबाईंनी ढेकूळशास्त्र्यांच्या हातात कप देताना मान खाली घातली आणि त्या हळूच म्हणाल्या, “दोन चमचे घातलेत. पोरा, इतकी वर्षं सांगायचं नाही का?”

सगळे बघत होते. ढेकूळशास्त्र्यांनी पहिला घोट घेतला. तो पाकासारखा गोड होता. इतकी वर्षं ज्याची आस धरली तो हाच चहा, आणि तो आता त्यांच्या जिभेवरून खाली जाईना. त्यांनी मोठ्या कष्टाने घोट गिळला. सासूबाई आशेने बघत होत्या. मास्तर मिशांवरून हात फिरवत होते. शिट्टी छातीवर लोंबत होती.

“आई,” ढेकूळशास्त्री म्हणाले, “खरं सांगू का? मला आता तुमचा बिनसाखरेचाच आवडतो.”

सासूबाई खुर्चीतून उठल्या, गोड कप साडूभाऊंच्या हातात दिला आणि फळीवरचं निळ्या काठाचं पातेलं काढायला आत गेल्या.